रिकामा रकाना आणि "ऑफिसात बसून भरलेले" आकडे

महागाईचा किंवा बेरोजगारीचा आकडा जाहीर झाला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, अर्धे आकडे हे लोक ऑफिसात बसूनच भरतात!" या वाक्याचा मला वीट आलाय. ते साफ खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण काही आकडे खरोखरच ऑफिसात भरले जातात. भारतात, अमेरिकेत, कॅनडात, सगळीकडे. चूक आहे ती भरणं आणि बनवणं एकच समजण्यात.

प्रगणकानं घरोघरी न जाता झाडाखाली बसून पत्रक भरलं, तर ती लबाडी. पण एखाद्या कुटुंबानं उत्पन्न सांगायला नकार दिला आणि कार्यालयानं आधीच लिहून ठेवलेल्या नियमानं, तशाच दुसऱ्या कुटुंबांच्या उत्तरांवरून तो रकाना भरला, भरल्याची खूणही ठेवली, तर ते इम्प्युटेशन. ते अंदाजपंचे दाहोदरसे नसतं.

यावर ठरलेला प्रश्न येतो : "मग रिकामं का सोडत नाहीत? तेच प्रामाणिक नाही का?"

नाही. समजा, एका वस्तीत दहा कुटुंबं आहेत. सहा चाळीत, चार फ्लॅटमध्ये. चाळीतली सहाही महिना २०,००० रुपये सांगतात. फ्लॅटवाल्यांपैकी एक ८०,००० सांगतो, बाकीचे तिघं दार लावून घेतात. रिकामे रकाने सोडून सरासरी काढा : सुमारे २८,५७१. म्हणजे त्या तीन फ्लॅटवाल्यांचं उत्पन्न २८,५७१ धरल्यासारखंच झालं. हेही भरणंच, फक्त न सांगता केलेलं. त्यांच्या जागी चौथ्या फ्लॅटवाल्याचा आकडा धरला, तर सरासरी येते ४४,०००. एकाच कुटुंबाचा आधार लंगडा आहे, हे मान्य. म्हणून तर भरलेल्या आकड्यांमुळे वाढणारी अनिश्चितताही मोजावी लागते. पण २८,५७१ पेक्षा ४४,००० वास्तवाच्या जवळ असण्याची शक्यता अधिक, हे कळायला सांख्यिकीची पदवी लागत नाही.

शेजारच्या, सारख्या कुटुंबाचं उत्तर उसनं घेण्याच्या या पद्धतीला 'हॉट डेक' म्हणतात. नाव पंचकार्डांच्या गठ्ठ्यावरून पडलेलं. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत ती वापरल्यानं सुमारे १२ लाख माणसं मोजणीत आली, लोकसंख्येच्या ०.४ टक्के. तेवढ्यानं संसदेतली एक जागा युटाऐवजी नॉर्थ कॅरोलिनाला गेली. युटानं दावा लावला. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'युटा विरुद्ध इव्हान्स' खटल्यात ही पद्धत वैध ठरवली.

परदेशातलं पुरत नसेल, तर घरचं घ्या. आपला ग्राहक किंमत निर्देशांक २०२० मध्ये १,११४ शहरी बाजार आणि १,१८१ गावांतल्या भावांवर उभा होता. १९ मार्च २०२० पासून कोविडमुळे प्रत्यक्ष जाऊन भाव गोळा करणं थांबलं. दुकानंच बंद, तर भाव कसला विचारणार? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं एप्रिल आणि मे महिन्यांचे पूर्ण निर्देशांक तेव्हा दिलेच नाहीत. मिळाले तेवढ्या गटांचे आकडे दिले. जुलैत, जूनच्या आकड्यांबरोबर, त्या दोन महिन्यांचे निर्देशांक 'इम्प्युटेड' असं स्पष्ट सांगून प्रसिद्ध केले. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीनं काय केलं? धोरण ठरवताना ते दोन आकडे मालिकेतला खंड मानले.

काहींना यात कार्यालयाची फजिती दिसते. मला उलट दिसतं. भरलेला आकडा भरलेला म्हणून सांगितला, म्हणूनच समितीला तो बाजूला ठेवता आला. चोरून भरला असता, तर तो खराच समजून व्याजदराची चर्चा झाली असती.

म्हणून कार्यालयाची खरी क्षमता अशा साध्या शिस्तीत असते : मूळ उत्तर कधीही पुसायचं नाही, बदललेल्या प्रत्येक रकान्यावर खूण, नियम लेखी, आणि किती टक्के आकडे भरले ते जाहीर. जे कार्यालय एवढं सांगत नाही, त्याच्यावर खुशाल संशय घ्या. तिथं मीही तुमच्या बाजूनं.

आता किरकोळ गैरसमज, झटपट.

"विचित्र आकडा दिसला की दुरुस्त करावा." विचित्र आणि चूक यांत फरक आहे, साठ एकरवाला शेतकरीही असतो. सांख्यिकीतज्ज्ञ फेलेगी आणि होल्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेलं तत्त्व आजही पायाभूत आहे : विसंगती दूर करायला कमीत कमी रकाने बदला.

"सरासरी भरली की झालं." सगळ्या रिकाम्या जागी एकच आकडा भरलात, तर कागदावरची विषमता आपोआप कमी होते.

"टॅबलेट आले, आता तपासणी कशाला?" आईपेक्षा मोठं मूल टॅबलेट अडवील. पण "चाळीस असेल बघा" हे उत्तर तो निमूट घेतो. शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांची गर्दी सगळी पत्रकं एकत्र केल्यावरच दिसते.

"चांगलं सॉफ्टवेअर घ्या." सॉफ्टवेअर नियम पाळतं. पण कापसाचा एकरी उतारा किती असू शकतो, हे माहीत असलेलं माणूस तो नियम लिहितं. ते निवृत्त झालं आणि मागे एक टिपण नसलं, तर सॉफ्टवेअर पुढची दहा वर्षं जुनाच नियम इमानानं चालवत राहील.

तेव्हा पुढच्या वेळी "ऑफिसात भरतात" म्हणण्याआधी एवढं विचारा : किती भरले, कोणत्या नियमानं, आणि खूण कुठे आहे?