एका रानात तीनशे जाती

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडविण्यात आली, तेव्हा जलाशयात बुडालेल्या प्रदेशातील एका डोंगराचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. बारो कोलोराडो हे ते बेट. १९८० च्या सुमारास स्टीफन हबेल व रॉबिन फॉस्टर या शास्त्रज्ञांनी तेथील ५० हेक्टर पर्जन्यवन आखून घेतले आणि छातीच्या उंचीवर किमान एक सेंटिमीटर व्यास असलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांक दिला. मोजणीअंती दोन लाखांहून अधिक झाडे आणि सुमारे ३०० जाती नोंदल्या गेल्या. तेव्हापासून साधारणतः दर पाच वर्षांनी या रानाचा ताळेबंद मांडला जातो. अशीच मोजणी इतरत्रही होते. तामिळनाडूतील मुदुमलैच्या कोरड्या पानझडी अरण्यात तेवढ्याच क्षेत्रात सुमारे ७० जाती आढळल्या. मलेशियातील लांबिर येथील ५२ हेक्टर पर्जन्यवनात ही संख्या ११०० च्या वर गेली.

स्पर्धा असूनही सहवास

येथेच एक कोडे उभे राहते. सर्व झाडांच्या गरजा सारख्याच: प्रकाश, पाणी आणि मातीतील क्षार. मग या चढाओढीत सर्वांत समर्थ जाती इतरांना हटवून सारे रान का व्यापत नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे सुचविले. झाडाचे बहुतेक बी त्याच्याच पायथ्याशी पडते. परंतु त्या जातीवर जगणारे कीटक आणि बुरशीही तेथेच दबा धरून असतात. त्यामुळे मातृवृक्षाच्या छायेत त्याचीच रोपे सहसा तग धरत नाहीत आणि ती जागा परक्या जातीच्या रोपास मिळते. एखादी जाती जितकी दाटीने वाढेल, तितके तिचे शत्रूही वाढतात. विरळ जातीला मात्र या उपद्रवातून सवलत मिळते.

पुराव्याची जोड

बारो कोलोराडोवर २०० ठिकाणी जाळ्या लावून चार वर्षे बी मोजण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्या सर्व ५३ जातींमध्ये एकच गोष्ट दिसली: जेथे बी दाट, तेथे त्यातून रोप होण्याचे प्रमाण कमी. पुढे बेलीझच्या जंगलात बुरशीनाशक फवारून पाहिले असता रोपांतील जातींची विविधता घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जी बुरशी रोपांची वैरी वाटत होती, तीच रानाचे वैविध्य राखत होती. अर्थात हे एकमेव कारण नव्हे. मातीतील फरक, झाड कोसळून पडणारा उजेड आणि निव्वळ योगायोग यांचाही त्यात वाटा असतो.

बी वाहून नेणारे

पायथ्याशी मरण असेल, तर बी दूर जाणे अपरिहार्य ठरते. ते काम पक्षी, माकडे, वटवाघळे आणि अगूटीसारखे बी पुरून ठेवणारे प्राणी करतात. शिकारीमुळे हे प्राणी नाहीसे झाले, तर झाडे उभी असतात, फुलतात, फळतातही. पण बी मात्र त्याच पायथ्याशी कुजून जाते. वृक्ष दीर्घायुषी असल्याने ही तूट लगेच लक्षात येत नाही. बाहेरून रान पूर्वीइतकेच हिरवे दिसत असते. ५० हेक्टरांत ज्या जातीची मोजकीच झाडे उरली आहेत, तिच्यासाठी मात्र दूरवर नेऊन टाकलेले एखादे बी हाच पुढच्या पिढीचा आधार असतो.