एक्सप्लेनर : कोलंबोत टुकटुकने फिरताय? एकाच अंतराचे तीन-तीन दर का सांगतात, समजून घ्या

कोलंबोच्या गॉल फेस किनाऱ्यापासून गंगारामय मंदिरापर्यंतचं अंतर दोन किलोमीटरच्या आसपास आहे. हॉटेलच्या दारात उभा असलेला टुकटुकवाला त्यासाठी एक आकडा सांगतो. चौकातल्या दुसऱ्याचा मीटर वेगळा आकडा दाखवतो आणि मोबाइलवरचं ॲप तिसराच. अंतर तेच आणि गाडीही तशीच असताना भाडं इतकं कसं बदलतं?

'पर्यटक दिसला की लुटतात' हे सोपं उत्तर आहे, पण ते अर्धंच आहे. मुंबईहून थेट विमानाने कोलंबोला जाणाऱ्यांनी उरलेलं अर्धं उत्तरही समजून घेतलं, तर पैसे वाचतात आणि अख्खा दिवस वाद घालण्यात जात नाही.

टुकटुक म्हणजे आपलीच रिक्षा का?

बहुतेक वेळा हो. श्रीलंकेतल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसते ती बजाजची तीनचाकी. आकुर्डीला मुख्यालय असलेल्या या कंपनीचा तीनचाकी गाड्यांचा मोठा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये आहे. साधारण सव्वादोन कोटी लोकसंख्येच्या या देशात ११ लाखांहून जास्त तीनचाकी गाड्यांची नोंदणी झालेली आहे. स्थानिक लोक तिला 'थ्री-व्हील' म्हणतात, तर 'टुकटुक' हा शब्द पर्यटकांच्या तोंडी जास्त असतो. मागे तिघं बसतात. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते.

मोठा फरक आहे तो भाड्याच्या पद्धतीत. मुंबईत रिक्षाचं भाडं सरकारी प्राधिकरण ठरवतं. फेब्रुवारी २०२५ पासून तिथे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये द्यावे लागतात आणि हाच दर शहरातल्या प्रत्येक रिक्षाला लागू असतो. कोलंबोत मीटर आहेत, मीटर असल्याच्या पाट्याही आहेत, पण सगळ्या टुकटुकना एकच दर अशी शिस्त बसलेली नाही. त्यामुळे मीटर, ॲप आणि तोंडी ठरवलेलं भाडं असे तीन मार्ग एकाच वेळी चालू असतात.

तीन दर कुठून येतात?

ॲपवर म्हणजे पिकमी किंवा उबरवर गाडी बोलावली, तर अंदाजे भाडं आधीच दिसतं आणि रोख पैसेही चालतात. मीटरच्या गाडीत पहिल्या किलोमीटरचा दर, पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा दर आणि थांबण्याचे पैसे असा हिशेब असतो. बसण्याआधी 'मीटर?' एवढं विचारायचं आणि मीटर सुरू झालेला डोळ्यांनी बघायचा.

तिसरा मार्ग म्हणजे ठरवून घेणं. खरं भाडं किती हे टुकटुकवाल्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं. पहिला आकडा फुगलेला असतो तो या फरकामुळे. ॲपवर तोच रस्ता टाकून बघितला की हा फरक बराचसा मिटतो. पैसे श्रीलंकन रुपयांत ठरवा. सध्या एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीनच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळतात. नुसतं 'रुपये' म्हणून ठरवलं, तर शेवटी कोणते रुपये यावरून घोळ होऊ शकतो.

पेट्रोलचं गणित काय सांगतं?

२०२२ च्या सुरुवातीला श्रीलंकेत ९२ ऑक्टेन पेट्रोल लिटरला १७७ रुपये होतं. जूनअखेर ते ४७० रुपयांवर गेलं. टुकटुक लिटरला २५ किलोमीटर चालते असं धरू. शहरापासून दहाएक किलोमीटरवरच्या केलनिया मंदिरात जाऊन परत यायला २० किलोमीटर होतात. या फेरीचं नुसतं पेट्रोल १४२ रुपयांवरून ३७६ रुपयांवर गेलं, तेही सहा महिन्यांत.

पैसे असले तरी पेट्रोल मिळत नव्हतं. पंपांवर रांगा लागल्या. मग सरकारने क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा ठरवून दिला. तीनचाकीच्या वाट्याला सुरुवातीला आले फक्त ५ लिटर. आपल्याच हिशेबाने ते होतात आठवड्याला १२५ किलोमीटर, म्हणजे दिवसाला १८ सुद्धा नाहीत. केलनियाची एक फेरी केली की त्या दिवसाचा कोटा संपून वर दुसऱ्या दिवसाचं पेट्रोल खर्च व्हायचं. सप्टेंबर २०२३ पासून ही कोटा पद्धत बंद झाली.

दुसरा फटका गाडीचा. परकीय चलन वाचवण्यासाठी मार्च २०२० मध्ये वाहनांची आयात थांबवली गेली आणि ती २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खुली झाली. मधल्या काळात नवी गाडी मिळत नव्हती आणि जुन्याच गाड्या दुरुस्त करून चालवाव्या लागत होत्या. अनेकांच्या गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात. धंदा होवो न होवो, हप्ता थांबत नाही.

म्हणून भाड्यात चार गोष्टी धराव्या लागतात : पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि दुरुस्ती, तुम्हाला सोडून रिकामं परत येणं आणि तुम्ही आत फिरत असताना बाहेर थांबणं. पर्यटक पहिली गोष्ट मोजतो. शेवटच्या दोन विसरतो.

काय बघायचं आणि टुकटुक कुठे सोडायची?

कोलंबोचे १ ते १५ असे पोस्टल विभाग आहेत. फोर्ट म्हणजे कोलंबो १, पेट्टा ११, सिनॅमन गार्डन्स ७. पत्ता सांगताना हा नंबर सांगितला की काम सोपं होतं. बघायची ठिकाणं तीन टप्प्यांत विभागली, तर भाडंही कमी होतं.

पहिला टप्पा फोर्ट आणि पेट्टा. इथे टुकटुक फक्त पोहोचण्यापुरती घ्या आणि सोडून द्या. १८५७ चा दीपगृह असलेला घड्याळाचा मनोरा, जुनं डच हॉस्पिटल आणि पेट्टाच्या बाजारातली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल-अल्फार मशीद पायीच बघावी. बाजाराच्या गल्ल्यांत हातगाड्या आणि हमालांची इतकी दाटी असते की चाकांवरचा माणूस मागे पडतो.

दुसरा टप्पा बेइरा तलाव आणि सिनॅमन गार्डन्स. गंगारामय मंदिर, पाण्यावर उभं असलेलं जेफ्री बावा यांच्या आराखड्याचं सीमा मालक, टाउन हॉल, विहारमहादेवी बाग, १८७७ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय संग्रहालय आणि स्वातंत्र्य चौक ही ठिकाणं एकमेकांपासून जवळ आहेत. प्रत्येक ठिकाणी नवी गाडी घेतली तरी चालतं. संग्रहालयात दीड-दोन तास सहज जातात, तेवढा वेळ गाडी थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. संध्याकाळ गॉल फेस ग्रीनसाठी ठेवा. ब्रिटिश गव्हर्नर वॉर्ड यांनी १८५९ मध्ये खुल्या केलेल्या याच मैदानावर एप्रिल २०२२ पासून आंदोलकांचा तळ पडला होता. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना पद सोडावं लागलं.

तिसरा टप्पा शहराबाहेरचा : केलनिया आणि कोट्टे. सोलियस मेंडिस यांची भित्तिचित्रं बघायला केलनियाचं राजमहाविहार गाठावं. कोट्टे, म्हणजे श्री जयवर्धनेपुरा कोट्टे, ही कागदोपत्री देशाची राजधानी. बावा यांनीच आखलेली, दियवन्ना तलावातली संसद १९८२ पासून तिथे आहे. ती लांबूनच बघायची. या टप्प्यासाठी मात्र एकच टुकटुक अर्ध्या दिवसासाठी ठरवणं सोयीचं.

आणखी एक लक्षात ठेवा. तीनचाकीला द्रुतगती मार्गावर परवानगी नाही. त्यामुळे तीसेक किलोमीटरवरच्या कटुनायके विमानतळाकडे टुकटुक जुन्या नेगोम्बो रस्त्यानेच जाते. विमान गाठायचं असेल तर बस किंवा कार बरी.

अर्ध्या दिवसासाठी ठरवताना काय बोलायचं?

- सगळी ठिकाणं आणि शेवटी कुठे सोडायचं, हे मोबाइलवर लिहून दाखवा.
- प्रत्येक ठिकाणी साधारण किती वेळ थांबणार, ते सांगा.
- भाडं माणशी नाही, गाडीचं आहे, हे आधीच पक्कं करा.
- 'दुकानात जायचं नाही' हे निघण्यापूर्वी सांगा.
- पैसे फेरी संपल्यावर द्या आणि सुट्टे जवळ ठेवा.

सिंहलीत 'कीयद?' म्हणजे 'किती?'. 'दकुणट' म्हणजे उजवीकडे, 'वमट' म्हणजे डावीकडे. 'दक्षिण' आणि 'वाम' माहीत असलेल्या मराठी माणसाला हे लगेच लक्षात राहतं.

'आज मंदिरात हत्तींची मिरवणूक आहे' असं कुणी सांगितलं तर?

गॉल फेसजवळ एखादा सभ्य दिसणारा माणूस गप्पा मारायला येतो, 'आजच शेवटचा दिवस' म्हणतो आणि जवळच उभ्या असलेल्या टुकटुककडे बोट दाखवतो. गंगारामयची नवम पेराहेरा ही हत्तींची मिरवणूक खरी आहे, पण ती वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या सुमारास निघते. इतर महिन्यांत हे ऐकलं, तर हसून पुढे चालायला लागा. अशा फेरीचा शेवट बहुधा रत्नांच्या नाहीतर मसाल्यांच्या दुकानात होतो. गिऱ्हाईक आणलं की तिथे टुकटुकवाल्याला कमिशन मिळतं.

मग घासाघीस करायची की नाही?

करा, पण तळ कुठे आहे हे ओळखून. पेट्रोल, रिकामी फेरी आणि थांबण्याचा वेळ यांच्याही खाली भाव पाडला, तर टुकटुकवाला ती तूट कुठून तरी भरून काढणारच. ती भरून निघते रत्नांच्या दुकानात, आणि तिथे जाणारा वेळ तुमच्या सहलीतला असतो. संशयास्पद स्वस्त अर्धा दिवस म्हणूनच महागात पडतो.

जवळच्या अंतरासाठी ॲप किंवा मीटर वापरा. लांबच्या फेरीसाठी ॲपवरचं दोन्ही वेळचं भाडं बघून त्यात थांबण्याचे पैसे मिळवा आणि त्या आकड्याजवळ सौदा करा. आकडा दोघांनाही पटलेला असेल, तर दुकानाकडे गाडी वळवण्याचं कारणच उरत नाही.