प्रोसेसरची किंमत आणि प्रोसेसरचा खर्च

संगणक घ्यावयाचा म्हटले की आपण आधी प्रोसेसरचे नाव विचारतो व मग खिशाकडे पाहतो. महूहून इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये चौकशीला जावे, तर दुकानदाराच्या भावपत्रकात प्रोसेसरची किंमत एकाच ओळीत उरकलेली असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मात्र किंमत आणि खर्च यांतला भेद विसरून चालणार नाही. प्रोसेसर आपल्याबरोबर आणखी जे जे घ्यावयास लावतो, ते सारे त्याच्याच खाती मांडले पाहिजे.

याचे बोलके उदाहरण म्हणजे आयबीएमचा १९८१ सालचा पर्सनल कॉम्प्युटर. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ पासून उपलब्ध होता. तरी आयबीएमने १९७९ चा ८०८८ निवडला. दोहोंचे अंतरंग १६ बिटांचे. पण ८०८८ बाहेरच्या भागांशी एका वेळी ८ च बिटांची देवघेव करी. जी माहिती ८०८६ एका खेपेत आणी, तिच्यासाठी ८०८८ ला दोन खेपा पडत. वेग घटला हे खरेच. परंतु ८ बिटांचे जोडभाग तेव्हा स्वस्त व मुबलक होते. खरी बचत झाली ती प्रोसेसरच्या शेजाऱ्यांत!

आजही हिशेब तोच आहे. एएमडीच्या २०१६ मधील एएम४ सॉकेटला डीडीआर४ मेमरी चालते. २०२२ च्या एएम५ ला डीडीआर५ च लागते. म्हणजे प्रोसेसर बदलला की मदरबोर्ड व मेमरीही बदलली. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असतो, त्यात पडद्यावर चित्र उमटविणारा भाग चालू नसतो. तो थोडा स्वस्त पडतो, पण निराळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. केवळ टॅली आणि एक्सेल वापरणाऱ्याला ही स्वस्ताई महागातच जाईल.

दुसरा मोह 'कोअर'च्या संख्येचा. येथे आपल्या पुण्याचे उदाहरण आठवते. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभारला, तो ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून. मात्र अशा यंत्राचा लाभ काम वाटून देता आले तरच मिळतो. व्हिडिओ संपादनाचे काम बरेचसे वाटता येते. जमाखर्चाच्या नोंदी एकामागून एकच होतात. तेथे सोळा कोअर असले तरी बहुतेक रिकामे बसणार. अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेली घटती सीमांत उपयोगिता ती हीच!

"पुढे लागेल" म्हणून आज महागडा प्रोसेसर घेणारे पुष्कळ. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात डेस्कटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षेच धरले आहे. न वापरलेल्या शक्तीवरही घसारा चढतोच. शिवाय तोच पैसा एसएसडी किंवा अधिक मेमरीला लागला असता, हा संधीव्यय निराळा. ज्या घरी संगणकासाठी आवर्ती ठेव मोडावी लागते, त्या घराने मधल्या प्रतीचा प्रोसेसर, एसएसडी आणि मेमरीची एक जागा मोकळी असलेला मदरबोर्ड घ्यावा, असे माझे मत आहे. ती जागा पुढे गरज पडेल तेव्हा भरता येते.