वाळूच्या खाणीचे आयुष्य

बडोद्यातील पुष्कळ कुटुंबे धर्मकृत्यांसाठी चांदोद-कर्नाळीस जातात. तेथे ओरसंग नदी नर्मदेस मिळते. संगमाचे दर्शन घेऊन आपण परततो. परंतु ज्या घरात परततो, त्या घराच्या भिंतींत व छपरात ओरसंगची वाळू असण्याचा पुष्कळच संभव असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. छोटा उदेपूर, बोडेली, संखेडा या भागातील ह्या नदीची वाळू इमारतीच्या कामासाठी नावाजलेली आहे.

ही वाळू येते कोठून? मध्य प्रदेशाच्या सरहद्दीकडील डोंगराळ मुलुखात ऊन, पाऊस व वारा यांच्या माऱ्याने खडक झिजतात. त्यांतील मऊ भागाची माती होते. गारगोटीचा कठीण भाग मात्र कणाकणाने टिकून राहतो. पावसाळ्यातील पूर हे कण वाहून आणतो आणि प्रवाह मंदावला, की मोठे गोटे आधी, भरड वाळू त्यामागून व बारीक वाळू सर्वांत शेवटी, अशा क्रमाने तळाशी बसते. निसर्गाचे हे काम हजारो वर्षांचे आहे. एक ट्रक भरावयास मात्र काही मिनिटे पुरतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते. पाण्याच्या खालोखाल मनुष्य जर कोणत्या पदार्थाचा सर्वाधिक वापर करीत असेल, तर तो याच पदार्थाचा होय.

तेव्हा वाळूची व गोट्यांची एखादी खाण किती वर्षे चालेल, हा प्रश्न केवळ खाणमालकाचा राहत नाही. पहिले उत्तर सोपे वाटते : जमिनीत जेवढा माल, तेवढे आयुष्य. परंतु हे उत्तर अपुरे आहे. घरातील धान्य किती दिवस पुरेल, हे जसे कणगीच्या आकाराइतकेच गृहिणीच्या हातावर अवलंबून असते, तसेच खाणीचेही आहे. एक उदाहरण घेऊन हिशेबच करून पाहू या.

समजा, नदीकाठच्या जुन्या थरात एक खाण असून तीत १२ लाख टन माल आहे. खणलेल्या प्रत्येक १०० टनांत ५५ टन चांगली वाळू, २० टन बारीक गोटे, १० टन फार मोठे धोंडे, ८ टन अतिबारीक वाळू आणि ७ टन चिखलमाती निघते. जुन्या पद्धतीत वाळू व बारीक गोटे एवढेच विकले जातात. धोंडे बाजूला टाकतात. बारीक वाळू धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणजे १०० टनांपैकी केवळ ७५ टन कामी येतात. बाजाराची मागणी वर्षाला ७५,००० टन असेल, तर खाण १२ वर्षांत संपेल.

आता धोंडे फोडून त्यांची खडी केली व वाहून जाणारी बारीक वाळू अडविली, तर १०० टनांतून ९३ टन माल मिळेल. तीच खाण, तीच मागणी. परंतु आयुष्य झाले जवळजवळ १५ वर्षे! एक फूटही अधिक न खणता तीन वर्षे वाढली.

बारीक वाळू पाण्यातून कशी पकडतात, हे पाहण्याजोगे आहे. शंकूच्या आकाराच्या एका पात्रात गढूळ पाणी वरच्या बाजूने, कडेने व जोराने सोडतात. ते आत भोवऱ्यासारखे फिरू लागते. जड वाळू कडेला फेकली जाऊन भिंतीवरून घसरत खालच्या तोंडातून बाहेर पडते, तर हलका चिखल पाण्याबरोबर वरून निघून जातो. सुपात धान्य पाखडताना वाऱ्याने फोल उडते व दाणा मागे राहतो, त्याच जातीची ही युक्ती होय. पुढे ते गढूळ पाणी टाक्यात निवळवून पुन्हा धुण्यासाठी वापरता येते.

दुसरा उपाय म्हणजे योग्य कामास योग्य वाळू. गिलाव्याला बारीक वाळू लागते. स्लॅबच्या कॉंक्रीटला भरड. लहानमोठे कण योग्य प्रमाणात मिसळले, म्हणजे मोठ्या कणांमधील पोकळी लहान कण भरून काढतात व सिमेंटही कमी लागते. उत्तम भरड वाळू खड्डे बुजविण्यास घालणे म्हणजे बासमती तांदळाची खळ करणे होय.

तिसरा उपाय खाणीच्या बाहेरचा आहे. कठीण खडक फोडून केलेली वाळू आता सर्वत्र मिळू लागली आहे. पाडलेल्या इमारतींचे कॉंक्रीट फोडूनही खडी तयार होते. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीने अशा खडीस मान्यता दिली असून, ठरावीक प्रतीपर्यंतच्या सळईयुक्त कॉंक्रीटमध्ये तिचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत व साध्या कॉंक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. या मार्गाने आपल्या उदाहरणातील मागणी ७५,००० वरून ६०,००० टनांवर आली, तर १५ वर्षांची खाण साडेअठरा वर्षे पुरेल.

येथवर आपण काठावरील खाणीचा विचार केला. नदीच्या पात्राची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे दर पावसाळ्यात नवी वाळू येते. जणू मुद्दलावर व्याज मिळते. व्याजापुरतेच खर्च केले, तर असे पात्र पिढ्यान् पिढ्या पुरेल; परंतु मुद्दलास हात घातला, की पात्र खोल जाते, काठच्या विहिरींचे पाणी उतरते आणि पुलांचे पाये उघडे पडतात. वरच्या बाजूस धरण असेल, तर पुष्कळशी वाळू त्याच्या भिंतीमागेच अडते व व्याजही घटते. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचनांत पात्रातील उत्खनन ३ मीटरपेक्षा खोल जाऊ नये, असे सांगितले आहे.

बडोदेकरांना तर याचे महत्त्व विशेष आहे. आपल्या शहरास मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींतून येतो. फाजलपूर, रायका, दोडका येथे या विहिरी आहेत. त्यांच्या तळाशी छिद्रे असलेल्या आडव्या नळ्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे वाळूत पसरलेल्या असतात. नदीचे पाणी वाळूतून गाळले जाऊन त्यांत झिरपते. म्हणजे भिंत बांधणारी वाळू आणि आपले पाणी साठविणारी व गाळणारी वाळू, ह्या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत. ती बेहिशेबी उपसली, तर घर उभे राहील. पण घरातील घागर रिकामी राहील.

विद्यार्थिमित्रहो, खाणीतील यंत्रे तुमच्या हाती नाहीत, हे खरे. तरीपण येत्या पावसाळ्याच्या आरंभी आपल्या गल्लीत चालू असलेल्या एखाद्या बांधकामाकडे लक्ष द्या. रस्त्याच्या कडेला ओतलेला वाळूचा ढीग पहिल्याच सरीत गटाराकडे वाहू लागलेला दिसेल. ढिगाभोवती विटांचा एक थर लावला व वर ताडपत्री टाकली, तर ती सारी वाळू वाचते. ओरसंगच्या पात्रात खणाव्या लागणाऱ्या तितक्या पाट्या त्या दिवशी कमी झाल्या, असे खुशाल समजावे.