ब्रेकचे काम आणि आरोग्य

वडूजहून पुसेगाव, कोरेगावमार्गे साताऱ्याला जाताना वर्धनगडचा घाट लागतो. सुमारे 1200 किलोची गाडी 100 मीटर खाली उतरली, की जवळपास 12 लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत साडेतीन लिटरहून जास्त पाणी उकळेल! खालच्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा उचलते. न्यूट्रलमध्ये उतरल्यास बहुतेक भार ब्रेकवर येतो.

ही उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो 155 अंशांच्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळले, तर पेडल आत जाते पण गाडी थांबत नाही. म्हणून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, सहसा दोन वर्षांनी, ऑइल बदलावे.

चाक उतरवल्यावर ब्रेकवर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू श्वासातून गेले, तर काही दशकांनी फुफ्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा होऊ शकतो. धूळ ओल्या कापडाने किंवा ब्रेक क्लीनरने काढावी. हा धोका गाडीमालकापेक्षा रोज हे काम करणाऱ्या मेकॅनिकला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला जास्त!

ब्रेक ऑइल तोंडाने ओढू नये, पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. त्यातील ग्लायकॉलने मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चुकून पोटात गेल्यास उलटी न करवता, डब्यासह तातडीने रुग्णालय गाठावे. डोळ्यात उडाल्यास 15 मिनिटे पाण्याने धुवावे.

नव्या गाड्यांत हँडब्रेकऐवजी बटण असते आणि बहुधा मागच्या कॅलिपरवर छोटी मोटर बसवलेली असते. पॅड बदलण्याआधी स्कॅनरने किंवा पुस्तिकेतील पद्धतीने ती सर्व्हिस मोडमध्ये घ्यावीच लागते. पिस्टन जबरदस्तीने मागे दाबला, तर आतले गिअर तुटतात. काम चालू असताना कोणी बटण दाबले, तर बोट चिरडते. गाडी सपाट जागी, जमिनीवरच्या चाकांना दगड लावून, जॅकखेरीज स्टँडवर उभी करावी.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. ते विसरल्यास पहिला ब्रेक लागणारच नाही.