दादांना काही सांगू नका

"डॉक्टर, दादांना काही सांगू नका." कर्करोग पसरल्याचा रिपोर्ट घेऊन आलेला मुलगा दार लोटून घेतो आणि हमखास हे बोलतो. तो औषधे आणायला गेला की दादा म्हणतात, "मला कळलंय सगळं. पोराला बोलू नका." दोघेही मायेपोटी गप्प. पण त्यामुळे ठरवायचे ते राहून जाते.

माझ्या एका वयस्कर रुग्णाला शेवटी घरीच राहायचे होते. "मुलांना तुम्हीच सांगा," म्हणाले. मी आज-उद्या करीत राहिलो. एका रात्री त्यांना धाप लागली, घाबरून मुलांनी शहरात नेले. व्हेंटिलेटरवर चार दिवस काढून ते गेले. पत्नीला ते काचेतूनच दिसले. ही चूक माझी.

तेव्हा रोग बरा होणार नाही असे तज्ज्ञांनी सांगितले की बोलणे लांबवू नये. "आजाराविषयी किती जाणून घ्यायचंय?" एवढे विचारावे व ऐकावे. कोणाला काहीच ऐकायचे नसते, तेही मान्य करावे. मात्र "मग तुमच्या वतीने कोणाशी बोलू?" हे विचारून ठेवावे.

वेदनेची तरतूद आधी करावी. तीव्र वेदनेवर मॉर्फिनची साधी गोळी बहुधा दर चार तासांनी देतात. दुखू लागण्याची वाट पाहायची नसते. व्यसन लागेल या भीतीने लोक ती टाळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास तसे क्वचितच होते. बद्धकोष्ठ मात्र होतेच, म्हणून सोबत रेचक हवे. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध मिळण्यातील अडचणी कमी झाल्या, तरी ते प्रत्येक दुकानात नसते. जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेची चौकशी करावी.

शेवटच्या दिवसांत भूक मरते. घास भरवण्याचा आग्रह नको. "एक सलाईन तरी लावा" असा हट्टही नको. त्याने ताकद येत नाही, उलट सूज व घशातली घरघर वाढू शकते. ओल्या कापडाने ओठ व तोंड ओले ठेवावे.

व्हेंटिलेटर नको असेल तर ते शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यास मान्यता दिली व २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करावी. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्यांची नावे घालावीत. एक प्रत घरच्या डॉक्टरकडे द्यावी.

घरीच ठेवायचे ठरले तर मध्यरात्री फोन केला तर चालेल का, मृत्यूचा दाखला कोण देईल, हे डॉक्टरांना न लाजता विचारा. मी आता स्वतःहूनच नंबर लिहून देतो आणि चिठ्ठी कॅलेंडरला टाचायला सांगतो.