‘अजून पाच किलो लाव ना बे!’

तालुक्याच्या गावातली जिम संध्याकाळी भरते. वऱ्हाडातलं वरूडही त्याला अपवाद नाही. दिवसभर संत्र्याच्या बागेत, मंडईत नाहीतर कॉलेजात असलेली पोरं अंधार पडता पडता जमतात, नेहमीचे सेट होतात आणि मग कुणीतरी विषय काढतोच: आज मॅक्स मारू. मॅक्स म्हणजे एकदाच, पण धड उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन. बारवर प्लेटा चढत जातात, मागून आवाज येतो, ‘अजून पाच किलो लाव ना बे!’

हे वाढीव पाच किलो खरं म्हणजे कोण उचलतं? ज्याच्या हातात बार आहे तो, की भोवती उभे राहून ओरडणारे? प्रश्न जुना आहे. अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये दाखवलं, की सायकलपटू एकट्याने सायकल पळवताना जो वेग काढतात, त्याहून जास्त वेग ते बरोबर कुणी असलं की काढतात. याच्या नेमकं उलट फ्रान्सचे शेती-अभियंते मॅक्स रिंगेलमान यांना दिसलं. त्यांनी माणसांना मिळून दोर ओढायला लावला. माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटत गेला. आठ जण मिळून जेमतेम चौघांएवढंच ओढत होते. कोण किती ओढतोय हे उघड होत नसलं, की अंग चोरलं जातं. लग्नघरात मांडवाचे वासे-बल्ल्या उचलणाऱ्यांना हे सांगायला फ्रान्सहून कुणी यायची गरज नाही.

जर्मनीत ओटो क्योलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या गड्यांना थकेपर्यंत वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याने आणि मग दोघांत एक बार देऊन. जोडीतला कच्चा गडी एकट्यापेक्षा जोडीत जास्त टिकला, कारण त्याने सोडलं की दोघांचंही थांबणार होतं. मात्र दोघांच्या ताकदीत फार तफावत असली, तर हा फायदा विरून गेला. जिममध्ये आपल्याहून थोडा वरचढ जोडीदार धरावा, पार पहिलवान नको, याला इतका जुना आधार आहे.

वऱ्हाडाला सामूहिक व्यायाम नवा नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. वैद्य बंधूंनी उभारलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. पण लेझीम असो, लाठी असो, तिथे सगळ्यांचे हातपाय एका ठेक्यावर चालतात; कुणी पुढे जायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही. मॅक्सचं तसं नाही. घोळका भोवती असतो, पण बार एकट्याचाच असतो आणि आकडाही ज्याचा त्याचा.

त्या आकड्याच्या मागे लागणं किती महाग पडतं, हे सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने बर्मिंगहॅममध्ये जगासमोर अनुभवलं. राष्ट्रकुल स्पर्धा, ३० जुलै २०२२, ५५ किलो गट. स्नॅच या पहिल्या प्रकारात त्याने ११३ किलो उचलले. मलेशियाचा अनिक कसदान १०७ वर होता. क्लीन अँड जर्कमध्ये संकेतने १३५ पहिल्याच प्रयत्नात उचलले. दुसऱ्याला १३९ लावले आणि वजन डोक्यावर जाताना उजव्या कोपराला दुखापत झाली. तो तिसऱ्यांदाही आला, पुन्हा १३९, पुन्हा नाही. कसदानने शेवटी १४२ उचलून दोन्ही प्रकारांची बेरीज २४९ वर नेली. संकेतची २४८. एका किलोने सुवर्ण हुकलं, तरी त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक त्याचंच.

तिथे पदक पणाला लागलं होतं, प्रशिक्षक आणि डॉक्टर हजर होते. गावच्या जिममध्ये पणाला फक्त मित्रांची टिंगल असते, आणि तेवढ्यासाठी कोपर घालवणं शहाणपणाचं नाही.

खरं तर मर्यादा कळायला दर वेळी तिला भिडावंही लागत नाही. ८० किलोची बेंच प्रेस स्वच्छ पाच वेळा होत असेल, तर एकदाच किती होईल याचा अंदाज कागदावर निघतो. वजनाला तीसने भागायचं, जितक्या वेळा उचललं त्याने गुणायचं आणि मूळ वजनात मिळवायचं: ९३ किलोच्या आसपास. दुसरं एक प्रचलित सूत्र ९० सांगतं. नवशिक्याने इथेच थांबावं. अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांकडून वजनाचे व्यायाम करून घेत, तेव्हा व्यायामाचं वजन ते एका वेळच्या मॅक्सवरून ठरवत नसत. दहा वेळा उचलता येईल ते वजन ते धरत.

तरीही मॅक्स घ्यायचाच, तर तिघा-चौघांचा गट बरा. आपली पाळी येईपर्यंत तीन ते पाच मिनिटं जातात, आणि अवजड प्रयत्नानंतर एवढी विश्रांती लागतेच. दहा जण एका बारला लटकले तर अंग थंड पडतं. बेंचवर मागे उभा राहणारा गप्पिष्ट नको. त्याची नजर बारवर हवी आणि हात लावायचा कधी, हे आधी ठरलेलं हवं. स्क्वॉटला रॅकच्या आडव्या सुरक्षा-दांड्या लावलेल्या असाव्यात. वजन वाढवताना उड्या लहान होत जाव्यात: आधी दहा, मग पाच, शेवटी अडीच. श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब एकदम चढतो, म्हणून बीपी, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये. पाठ वाकली, ढुंगण बेंचवरून सुटलं, मित्राने दोन बोटं लावली, की तो आकडा वहीत लिहायचा नाही. ‘फक्त हात लावला होता रे’ म्हणणाऱ्याने नेमके किती किलो उचलले, हे कुणालाच सांगता येत नाही.

वहीत आकड्यासमोर तारीख आणि त्या दिवशीची झोपही लिहावी. रात्री बागेला ओलित करून आलेल्या पोराचा मॅक्स पाच-सात किलोंनी खाली आला, म्हणजे ताकद गेली असं नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, टिनाखालची जिम रात्रीपर्यंत तापलेली राहते, अंगात पाणी कमी आणि घामाने बार सटकतो. त्या दिवसांत हाताला चॉक लावून पाच-पाचचे सेट मारावेत आणि मॅक्सचा कार्यक्रम हिवाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडीपर्यंत पुढे ढकलावा.